वॉकर्टनची नोंदवही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरसमोर बसायला घरच्यांची मनाई होती. आता दिसायला लागलंय, तेव्हा साठलेलं थोडं मोकळं करते.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली होती, आठवत असेल. हातापायांतली शक्ती जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा तो आजार. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला आणि सगळ्यांची नजर पिण्याच्या पाण्याकडे वळली. नाव लांबलचक, म्हणून मी ते वहीत उतरवून घेतलं (जुनी सवय). मग रिकाम्या वेळात त्या नावाचा माग काढत गेले, ती पोचले थेट कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, वॉकर्टन नावाच्या गावी, मे २००० मध्ये. तिथल्या पाण्यात ई. कोलायबरोबर हाच जंतू होता.

त्या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी केली. त्यांच्या अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला. इंग्रजीत आहे आणि चांगला जाडजूड आहे. माझं शिक्षण सगळं मराठीतून, त्यामुळे शेजारी शब्दकोश ठेवून वाचावा लागला. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईला अशी तारीखवार बखर मिळाल्यावर ती खाली कशी ठेवणार? आपण नळ सोडतो तेव्हा त्याच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस असतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात तो कधी येत नाही. धरण बांधणाऱ्याचं नाव येतं, उद्घाटन करणाऱ्याचं तर संगमरवरात येतं. या अहवालात मात्र त्या टोकाच्या माणसाचा दिवस न् दिवस लिहिलेला आहे.

वॉकर्टन हे पावणेपाच-पाच हजार वस्तीचं गाव. आपल्याकडे मोठी ग्रामपंचायत म्हणावी एवढं. आसपास शेती आणि गुरं. पाणी तीन विहिरींचं, पाच, सहा आणि सात नंबरच्या. विहिरी म्हणजे आपण म्हणतो तशा बांधीव नव्हेत, बोअर. पाच नंबरची १९७८ साली घेतलेली आणि उथळ, जेमतेम पंधरा मीटरची. तिचं पाणी जमिनीखाली पाच ते आठ मीटरवरूनच यायचं. शेजारीच गुरांचं शेत. विहीर खोदली त्याच वर्षी तज्ज्ञाने लिहून दिलं होतं की इथे वरची घाण आत उतरू शकते, तेव्हा भोवतालची जागा ताब्यात घ्या. ती घेतली गेली नाही. त्या शेतकऱ्यानेही काही वावगं केलेलं नव्हतं. खत टाकायची जी चांगली पद्धत तिथे मानतात, तिच्याप्रमाणेच त्याने टाकलं होतं. अहवाल त्याला दोष देत नाही.

८ ते १२ मे २००० या पाच दिवसांत तिथे १३४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला सत्तर एकट्या बारा तारखेचा. कोकणातले वाचक हसतील, पण तिथे हा पाऊस फार. खताचं पाणी पाझरून पाच नंबरच्या विहिरीत उतरलं, आणि त्या आठवड्यात गावाला मुख्यतः तीच विहीर पाणी देत होती. सात नंबरवर क्लोरीन सोडायचं यंत्रच नव्हतं. जुनं काढलं होतं, नवं येऊन पडलं होतं, पण बसवायचं राहिलं होतं.

पाण्यातलं क्लोरीन हा प्रकार मी शब्दकोशापेक्षा तालुक्याच्या गावात आधी शिकले होते, त्यामुळे हा भाग मला लगेच कळला. क्लोरीन पाण्यात टाकलं की ते घाणीशी झुंजून खर्च होतं. घाण जास्त, तर खर्च जास्त. झुंज संपल्यावर जे शिल्लक राहतं त्यावर भरवसा ठेवायचा असतो. म्हणून किती टाकलं याला फारसा अर्थ नाही, किती उरलं ते मोजावं लागतं. ऑन्टारिओत नियम होता की पंधरा मिनिटांनंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे, आणि ते रोज मोजायचं. मोजायला काही मिनिटं लागतात.

१३, १४ आणि १५ मे रोजी पाच नंबरच्या विहिरीवर माणूस गेला, पंपाची पाहणी झाली, वहीत नोंद झाली. उरलेलं क्लोरीन ०.७५. तिन्ही दिवस ०.७५. मोजलं एकदाही नव्हतं. मोजलं असतं तर त्या दिवसांत शून्याच्या आसपास काहीतरी दिसलं असतं आणि कोणीही हादरला असता. मागच्या वह्या चाळल्या तेव्हा कळलं की हे त्या तीन दिवसांपुरतं नव्हतं. वर्षानुवर्षं नोंद एकतर ०.५ नाहीतर ०.७५. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो.

पंधरा तारखेला नमुने प्रयोगशाळेत गेले. सतरा तारखेला निकाल आला की पाण्यात ई. कोलाय आहे. प्रयोगशाळा खाजगी. सरकारी प्रयोगशाळांनी हे काम १९९६ मध्ये बंद केलं होतं, आणि वाईट निकाल आरोग्य खात्याला कळवलाच पाहिजे असं बंधन खाजगीवाल्यांवर कुणी घातलं नव्हतं. त्यांनी तो पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाला फॅक्स केला. व्यवस्थापकाने तो कुणाला सांगितला नाही.

अठरा तारखेला गावातल्या एका शाळेत वीस मुलं गैरहजर होती. हे वाक्य वाचून मी थांबले. हजेरी घेताना एका वर्गात चार नावांना उत्तर आलं नाही की मास्तरांच्या पोटात कसं होतं, ते शिक्षकांनाच ठाऊक. गोवर, कांजिण्या, डोळे येणं, सगळं आधी हजेरीपटात दिसतं, मग दवाखान्यात. त्याच दिवशी दोन मुलं शेजारच्या शहरात इस्पितळात दाखल झाली. एकोणीस तारखेला तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी आरोग्य खात्याला कळवलं. खात्याने वॉकर्टनच्या पाणीपुरवठ्याला फोन करून विचारलं, पाणी ठीक आहे ना? उत्तर मिळालं, ठीक आहे. वीस तारखेला पुन्हा विचारलं, पुन्हा ठीक आहे. एकीकडे हे उत्तर देऊन व्यवस्थापक दुसरीकडे नळांतून भसाभस पाणी सोडून देत होता आणि भरमसाट क्लोरीन ओतत होता. म्हणजे भीती वाटलेली होतीच.

एकवीस तारखेला, रविवारी दुपारी, आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी त्या उत्तरावर विसंबणं सोडलं आणि पाणी उकळून प्या असा इशारा रेडिओवरून दिला. तोही स्थानिक रेडिओवरून, त्यामुळे पुष्कळांनी ऐकलाच नाही. एकूण सात माणसं मेली. सुमारे २,३०० आजारी पडली, म्हणजे जवळजवळ निम्मं गाव. काही मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला तो कायमचा. ओकॉनर म्हणतात, एकोणीस तारखेला खरं सांगितलं असतं तर तीन-चारशे लोकांचं आजारपण तरी टळलं असतं.

इथपर्यंत ही एका खोटारड्या माणसाची गोष्ट वाटते. मलाही वाटली. पण पुढची पानं वाचली तेव्हा ती वेगळीच निघाली, आणि त्याचसाठी हा लेख लिहायला घेतला.

पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि त्यांच्या हाताखालचे मुकादम फ्रँक कोबेल हे सख्खे भाऊ. वडील याच खात्यात मुकादम होते. स्टॅन १९७२ साली, विशीच्या आत, तिथे लागले. फ्रँक तीन वर्षांनी. १९८८ साली थोरला व्यवस्थापक झाला, धाकटा मुकादम. २००० साल येईतो दोघांनी मिळून पन्नास-एक वर्षं त्या पाण्यावर काढली होती. कुठला पाइप कुठून गेलाय, कडाक्याच्या थंडीत कुठे फुटतो, पंप कुरकुरायला लागला की काय करायचं, हे त्यांना येत होतं. आपण ज्याला मुरलेला माणूस म्हणतो, तसे दोघे. पाणी चालवणाऱ्यांना परवाना असावा असा नियम पुढे ऑन्टारिओत आला, तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांना तो अनुभवावर देऊन टाकला. परीक्षा नाही, अभ्यासक्रम नाही. या दोघांनाही तसाच मिळाला. दरवर्षी चाळीस तास प्रशिक्षण घ्यायचं बंधन होतं, तेही कागदावरच राहिलं.

आणि सगळ्यात मला चटका लावून गेलेली गोष्ट म्हणजे हे दोघे पाच नंबरच्या विहिरीचं पाणी क्लोरीन न घालता स्वतः प्यायचे. त्यांना ते आवडायचं. गार, स्वच्छ, गोड पाणी. क्लोरीनचा वास येतो म्हणून गावातले लोकच तक्रार करायचे, मग हे कमी घालायचे. पाणी वाईट आहे असं त्यांना मनापासून कधी वाटलंच नाही. ई. कोलायने माणूस मरतो हे स्टॅनना ठाऊक नव्हतं, असं चौकशीत निघालं. ते वाक्य वाचून मी चश्मा काढून ठेवला. अठ्ठावीस वर्षं पाणी चालवलेला माणूस!

त्यांनी नमुन्यांच्या बाटल्यांवर खोट्या जागा लिहिल्या, वह्या खोट्या लिहिल्या, साथ आल्यावर सात नंबरचा तक्ता बदलला. याला क्षमा नाही, आणि तशी मी मागतही नाही. पण अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हातांनी त्यांना एकच धडा दिला होता की मोजलं नाही तरी काही होत नाही. रोज न मोजता पाणी सोडायचं, रोज गाव ठणठणीत. असा हजारो दिवसांचा पुरावा ज्याच्याकडे आहे, त्याला कोण पटवणार?

इथे एक शाळेतली गोष्ट सांगते. तपासणीला साहेब येणार म्हटलं की कुठल्याही शाळेत आठवडाभर आधी दप्तर 'पूर्ण' करायची लगबग असते. टाचणवही, उपस्थिती, मूल्यमापनाचे तक्ते. साहेबही ते पूर्ण आहे की नाही एवढंच बघतात. खरं आहे का, ते बघायला वर्गात बसावं लागतं आणि तेवढा वेळ त्यांना दिलेला नसतो. ऑन्टारिओचे निरीक्षक १९९८ साली वॉकर्टनला येऊन गेले होते. त्याआधीच्या काही नमुन्यांत ई. कोलाय सापडल्याचंही त्यांच्या समोर होतं. सुधारणा करा असं सांगून गेले, पुन्हा फिरकले नाहीत. खात्याचं बजेटच कापलेलं होतं. वर्षभर रोज ०.७५ कसं येतं, एवढा एक प्रश्न कुणी विचारायला हवा होता. आमच्याकडे एखाद्या वर्गाची हजेरी वर्षभर शंभर टक्के दिसली तर शिपाईसुद्धा हसला असता.

आता थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात.

१८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलऱ्याने थैमान घातलं. काही आठवड्यांत साडेआठ हजारांवर माणसं गेली. शहराला लागूनच आल्टोना हे दुसरं शहर, इतकं लागून की काही ठिकाणी हद्द रस्त्यामधूनच जायची. दोघांचं पाणी एल्बे नदीचंच. हॅम्बुर्ग ते शहराच्या वरच्या अंगाला घेऊन न गाळता द्यायचं. आल्टोना घ्यायचं खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण मिसळल्यावर, पण वाळूच्या थरांतून गाळून. कॉलरा हॅम्बुर्गमध्ये पसरला आणि आल्टोना बहुतांशी वाचलं. शाळेच्या पुस्तकात हे येतं, आणि इथेच संपतं.

पुढचा भाग पुस्तकात येत नाही. त्याच हिवाळ्यात खुद्द आल्टोनामध्ये कॉलरा निघाला. गाळणी तीच, माणसं तीच. ती गाळणी १८५९ पासून चालू होती, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव. रॉबर्ट कॉख तपासाला गेले. वाळूच्या गाळणीचं मर्म असं की जंतू अडवायचं काम नुसती वाळू करत नाही, तिच्यावर साचलेला चिकट थर मुख्यतः करतो. तो जाड झाला की पाणी तुंबतं, मग खरवडून काढावा लागतो, आणि नवा थर धरेपर्यंत ती गाळणी कच्ची असते. कधी खरवडायचं, किती, मग किती दिवस थांबायचं, हे सगळं तिथल्या कामगारांच्या हातात. त्या थंडीत एक गाळणी साफ करताना वाळू गोठली, थर नीट बसला नाही, आणि तिच्यातून जंतू पलीकडे जाऊ लागले. पाणी दिसायला पूर्वीसारखंच नितळ. सगळ्या गाळण्यांचं पाणी पुढे एकत्र होत असल्याने एकीचा दोष बाकीच्यांत मिसळून जायचा.

कॉखने त्यावर नियम सांगितले. गाळण्याचा वेग ताशी शंभर मिलिमीटरच्या वर नको. प्रत्येक गाळणीचं पाणी वेगवेगळं तपासा, रोज. एक घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून जास्त जंतू दिसले तर ते पाणी शहरात सोडू नका. तिथपासून पाणी चालवणं हे नुसतं हाताचं काम राहिलं नाही, हातासोबत मोजणं आलं. १८९३ ची ही गोष्ट. वॉकर्टन तिच्यानंतर एकशे सात वर्षांनी.

मग मनात आलं, हाताचा, नाकाचा, डोळ्याचा अनुभव काही कामाचाच नाही का? तसं म्हणायला जीभ धजेना. याचं उत्तर मला सांडपाण्याच्या बाजूला मिळालं. माझा एक जुना विद्यार्थी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर आहे. त्याच्याकडे जाऊन मी ते काम पाहिलं. (घरच्यांना सांगितलं, देवीला जाते. देवी वाटेतच आहे, दर्शनही घेतलं.)

आज जगभर जी पद्धत सर्रास वापरतात ती मँचेस्टरची. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी ती १९१४ साली मांडली. मैलापाण्यात हवा सोडत राहिलं की ते शुद्ध होतं, पण पहिल्या खेपेला पाच आठवडे लागले. तोवर सगळे खाली बसलेला गाळ फेकून द्यायचे. या दोघांनी तो ठेवला आणि पुढच्या पाण्याला लावला. असं करत करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत आलं. हे तर विरजणच झालं की! आदल्या दिवसाचं थोडं राखून ठेवायचं आणि नव्या दुधाला लावायचं. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, हे वाचून मला उगीचच आनंद झाला.

माझा विद्यार्थी काचेच्या लिटरभराच्या उभ्या नळीत ते गढूळ पाणी घेतो आणि अर्धा तास ठेवतो. गाळ किती खाली बसला ते बघतो. पण बाई, खरं सांगू, म्हणाला, टाकीजवळ आलो की वासावरूनच कळतं. गाळ चांगला असेल तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. रंग चॉकलेटी. हवा कमी पडली की काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा घाण वास. पांढरा फेस आला की गाळ अजून कोवळा आहे. मी वाकून वास घेतला. खरंच मातीचा होता.

म्हणजे इथे गाळातले जीव माणसाशी बोलतात. आज चूक केली की दोन-चार दिवसांत रंगात, वासात, फेसात तिचं उत्तर मिळतं, आणि असं उत्तर मिळत गेलेला माणूस वीस वर्षांत खरोखर जाणता होतो. पिण्याच्या स्वच्छ पाण्याला वास नाही, रंग नाही. क्लोरीन संपलेलं पाणी आणि पुरेसं असलेलं पाणी डोळ्यांना एकसारखंच. ते उत्तर देतं ते एकदम इस्पितळात. अधल्यामधल्या काळात ते बोलतं फक्त त्या तपासणीच्या नळीतून, आणि तीच कोबेल बंधूंनी खिशातून काढली नाही.

नाकाचंही एका जागी काही चालत नाही. गटाराच्या बंद चेंबरमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण फार वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वर्षानुवर्षं गटारात उतरलेला माणूस म्हणतो, आता वास गेला, हवा मोकळी झाली, आणि तीच शेवटची पायरी ठरते. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. आपल्या वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. माणसाने असं उतरू नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. कोणत्या जातींची माणसं उतरतात, ते मी सांगायला नको. वायू मोजायचं छोटं यंत्र मिळतं, हातात मावेल एवढं.

आता आमचे तात्या. मी नोकरी केली त्या तालुक्याच्या गावात पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, पहाटे साडेचारला सायकल. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, म्हणजे खालच्या आळीला धो धो आणि वरच्या आळीला ठिबक असं होणार नाही, ते त्यांच्या मनगटात होतं. गळती शोधायची तर पहार पाइपवर टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. एकदा आमच्या फाटकासमोर कान लावून म्हणाले, "बाई, इथं नाही, चार हात पुढं." खणलं तर तिथेच. गावाच्या नळांचा नकाशा कचेरीत होता म्हणे, पण तो कुणी पाहिलेला नव्हता. तात्या निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी रस्त्याचं डांबरीकरण झालं, त्यात दोन व्हॉल्व्ह गाडले गेले. ते शोधायला पुन्हा तात्यांनाच मोटारसायकलवरून आणावं लागलं.

हेच तात्या टीसीएल मात्र मुठीने टाकायचे. बादलीत कालवायची, निवळी टाकीत ओतायची. एकदा आरोग्यसेवक शाळेत आले आणि मुलांना दाखवायला नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. झालं नाही. मुलं हिरमुसली, तात्या चिडले. "बाई, मी सकाळी माझ्या हातानं टाकलीय!" ते खरंच बोलत होते. टाकलीच होती. पोतं तोंड उघडं ठेवून ओलसर खोलीत महिनोन् महिने पडलेलं. त्या पावडरीतला जोर कधीच उडून गेलेला, वास तेवढा शिल्लक. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. जुनीत किती राहिलं ते मुठीला कसं कळणार? तात्यांना हे आजवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. ओटीची बाटली त्यांच्याकडे नव्हती, ती आरोग्यसेवकांकडे, आणि ते यायचे महिन्यातून एकदा.

त्यानंतर तात्यांनी आरोग्यसेवकांच्या मागे लागून एक बाटली आणि दोन नळ्या मिळवल्या. टाकीजवळच्या नळाला आणि शेवटच्या आळीच्या नळाला, असं दोन्हीकडे ते बघायला लागले. शेवटच्या नळाला ०.२ तरी हवं. पगार किती होता म्हणाल, तर त्यातच नळपट्टी वसूल करायची, ग्रामसभेची दवंडी द्यायची आणि पंधरा ऑगस्टला खुर्च्या मांडायच्या. आजही पुष्कळ गावांत याहून फार वेगळं नाही. आता अशा माणसाला जलसुरक्षक असं भारदस्त नाव आहे.

ऑन्टारिओने पुढे काय केलं, तेवढं सांगून थांबते. २००२ साली पिण्याच्या पाण्याचा नवा कायदा केला. अनुभवावर परवाना मिळालेल्या जुन्या लोकांनाही परीक्षेला बसवलं. किती कुरकुर झाली असेल! पन्नाशीच्या माणसाला पेपर लिहायला बसवायचं म्हणजे काय, ते मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात पाहिलंय. घाम फुटतो. प्रयोगशाळेने वाईट निकाल थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचा, हेही कायद्यात आलं. आणि २००४ साली पाणी चालवणाऱ्यांना शिकवायची एक संस्था काढली, ती वॉकर्टनमध्येच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोबेल बंधूंना शिक्षा झाली. स्टॅनना एक वर्ष कैद, फ्रँकना नऊ महिने घरात स्थानबद्धता. गावातल्या बऱ्याच जणांना ती फार कमी वाटली.

ओकॉनर यांच्या अहवालाचा दुसरा भाग अजून वाचायचा आहे. तो म्हणे पुढे काय करावं याविषयी आहे. डोळ्यांनी साथ दिली तर त्याबद्दल दिवाळीनंतर लिहीन. तुमच्या गावात पाणी कोण सोडतं आणि त्यांना काय म्हणून हाक मारतात, ते जरूर कळवा.